उघडून पाहिलेली प्रत

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत चालविणाऱ्या एका जैन कुटुंबात हिशोबाच्या तीन पिढ्या एकाच छपराखाली नांदतात. ऐंशी ओलांडलेले आप्पा सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपले की आजही लाल कापडी बांधणीच्या वहीत दिवसाचा रोजमेळ स्वहस्ते उतरवितात. त्यांचे चिरंजीव अण्णा पेढी सांभाळतात. संगणकावरचे हिशोब नातू आणि नातसून पाहतात. आप्पांच्या वहीकडे घरातील तरुण मंडळी आदराने पाहत, पण ती आता गरजेची राहिलेली नाही, असेच सर्वांना मनोमन वाटत असे.

या घराने कृष्णेचा पूर दोनदा अनुभवला आहे. २००५ साली पेढीत पाणी शिरले तेव्हा भिजलेल्या खतावण्यांची पाने आप्पांनी गच्चीवर एकेक करून वाळविली होती. २०१९ च्या महापुराने पुन्हा तोच धडा दिला. तेव्हापासून हिशोबाचा संगणक पेढीतून हलवून घराच्या पहिल्या मजल्यावर आणला गेला आणि त्याच्या जोडीला घरच्या नेटवर्कला जोडलेली एक साठवणपेटी घेण्यात आली. पेटीत दोन हार्ड डिस्क होत्या. एकीवर जे लिहिले जाई ते त्याच क्षणी दुसरीवरही उमटे, म्हणजे एक डिस्क निकामी झाली तरी दुसरी शाबूत राहावी. दर रविवारी रात्री संपूर्ण संगणकाची प्रत आणि इतर दिवशी फक्त झालेल्या बदलांची प्रत त्या पेटीत जमा होई. आठ आठवड्यांच्या प्रती ठेवून त्याहून जुनी आपोआप पुसली जाई. रोज सकाळी पडद्यावर काम पूर्ण झाल्याची हिरवी खूण दिसे आणि घर निश्चिंत होई.

त्या साऱ्या काळात एकही प्रत कोणी उघडून पाहिली नव्हती.

वैशाखातील एका सकाळी हिशोबाची फाइल उघडेना. हळदीचा हंगाम ऐन भरात होता. रोज सौदे होत होते, शेतकऱ्यांच्या हिशोबपट्ट्या निघत होत्या, उचल दिली जात होती, कोणी आपल्या पट्टीची रक्कम पेढीवरच अनामत ठेवून गावी परतत होते. नातू शांत होता. ‘अण्णा, काळजी करू नका, काल रात्रीची प्रत आहे,’ असे सांगून त्याने ती परत घेण्यास सुरुवात केली. काही वेळाने पडद्यावर संदेश आला की प्रत सदोष आहे. परवाची घेतली, तीही सदोष. मागच्या रविवारची, त्यामागच्या रविवारची, आठ आठवड्यांपूर्वीची अगदी जुनी प्रतही त्याच संदेशावर येऊन थांबली. दुपारपर्यंत घरात कोणाच्या घशाखाली घास उतरला नाही.

पहिला संशय पेटीवर गेला. तिच्या दोन्ही डिस्कची प्रकृती तपासली. खराब जागांची नोंद नव्हती. मग जोडणीवर संशय गेला. नेटवर्कची केबल बदलली, राउटरचे दुसरे भोक वापरले. फरक पडला नाही. नवी पेटी घ्यावी, तज्ज्ञाला बोलवावे, असे सल्ले सुरू झाले. तेव्हा इतका वेळ मागे उभी राहिलेली नातसून म्हणाली, ‘अण्णा, आधी चूक कुठे होते ते ठरवू या. चूक ठेवलेल्या मालात आहे, वाटेत आहे की मोजणाऱ्या तराजूत आहे?’

व्यापाऱ्याच्या घरात हा प्रश्न लगेच समजला. तिने सर्वांत जुनी प्रत निवडली आणि तिचा चेकसम काढला. चेकसम म्हणजे फाइलमधील प्रत्येक अंशाचे गणित करून निघणारा तिचा ठसा. एसएचए-२५६ या पद्धतीने तो चौसष्ट अक्षर-अंकांचा निघतो. फाइलमधला एक बिट बदलला तरी सारा ठसा पालटतो. पेटीवरच दोनदा काढलेला ठसा एकच आला. तीच फाइल आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेऊन काढला, तोही तंतोतंत तसाच. मग हिशोबाच्या संगणकावर तीच फाइल घेऊन ठसा काढला, तो निराळा. पुन्हा काढला, तो आणखी निराळा.

माल तोच, पण प्रत्येक वेळी वजन वेगळे. म्हणजे दोष तराजूत होता. जो संगणक सर्व प्रतींना सदोष ठरवीत होता, तोच मुळात बिघडलेला होता.

संगणक कोणतीही गोष्ट वाचतो, लिहितो वा तपासतो तेव्हा ती त्याच्या रॅममधून जाते. ती तात्पुरती स्मृतीच चळली तर तिच्यातून जाणारे सारे चळते. त्या रात्री मेमटेस्ट नावाची तपासणी रात्रभर चालू ठेवली. सकाळी पडदा चुकांच्या लाल ओळींनी भरला होता. नातवाने मान खाली घातली. संगणक मंद झाला म्हणून सात आठवड्यांपूर्वी त्याने स्वस्तात मिळालेली रॅमची एक जादा पट्टी स्वतः बसविली होती आणि बसविल्यावर तिची परीक्षा घेतली नव्हती. ती पट्टी काढल्यावर तपासणी निर्मळ झाली. ‘चूक माझी आहे, अण्णा,’ एवढेच तो म्हणाला. अण्णांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारले, ‘आता हाती काय उरलं आहे, ते बघ.’

लॅपटॉपवर एकेक प्रत तपासली गेली. पट्टी बसविण्यापूर्वीची रविवारची प्रत निर्दोष निघाली. नंतरच्या सर्व प्रती खरोखरच बिघडलेल्या होत्या, कारण त्या तयार होतानाच चळलेल्या स्मृतीतून गेल्या होत्या. अशा प्रती दाबून लहान केलेल्या असतात, त्यामुळे एका ठिकाणची चूक पुढचा मोठा भाग वाचनाबाहेर टाकते. शिवाय आठवड्यातील रोजच्या प्रती रविवारच्या प्रतीवर उभ्या असतात. पायाच खचला की वरचे मजले टिकत नाहीत. पेटीतील दोन डिस्कचाही येथे उपयोग नव्हता. जी चूक पेटीत आली, ती तिने मोठ्या इमानाने दोन्हीकडे लिहून ठेवली होती. जोडडिस्क यंत्राच्या बिघाडापासून वाचविते. चुकीच्या नोंदीपासून ती वाचवीत नाही. आणि ती रोजची हिरवी खूण? प्रत पेटीपर्यंत पोहोचली एवढेच ती सांगत होती. पोहोचले ते बरोबर आहे का, हे तिला कोणी विचारलेच नव्हते.

निर्दोष राहिलेली ती एकमेव प्रत येत्या रविवारी आपोआप पुसली जाणार होती.

सात आठवड्यांचा हंगाम पुन्हा लिहायचा होता. हिशोबपट्ट्यांच्या कार्बन प्रती, तोलाईच्या चिठ्ठ्या, बँकेचे खातेउतारे, जीएसटीच्या पोर्टलवर भरलेली विक्रीची बिले, यांवरून बहुतेक व्यवहार उभे राहिले. राहिली ती रोख रक्कम आणि शेतकऱ्यांच्या अनामती. त्यांचा कागद कुठेच नव्हता. तेव्हा आप्पांनी आपली लाल वही न बोलता नातसुनेपुढे ठेवली.

हे काम चालू असतानाच मिरजेकडील एक वृद्ध शेतकरी पेढीवर आला. मुलीच्या लग्नासाठी त्याला आपली अनामत हवी होती. ‘सत्तर हजार ठेवले होते, शेठ,’ तो म्हणाला. संगणकात त्या वेळी त्याच्या नावे काहीच दिसत नव्हते. अण्णा सत्तर हजार देऊन त्याला निरोप देऊ शकले असते. शेतकरी समाधानाने गेला असता आणि कोणाला काही कळलेही नसते. पण अण्णांनी त्याला बसविले, चहा दिला आणि घरी फोन लावला. नातसुनेने रोजमेळाची पाने उलटली. सत्तर हजारांची नोंद होती. तिच्यानंतर अकरा दिवसांनी, दुसऱ्या लॉटच्या पट्टीतील आणखी चाळीस हजारांचीही होती. म्हातारा ती रक्कम विसरला होता. त्याच्या हाती एक लाख दहा हजार ठेवले गेले.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत न्यासापहार हा एक आहे. ठेवलेली रक्कम विसरून ठेवीदाराने कमी मागितली आणि ठेव सांभाळणारा ‘बरोबर आहे’ म्हणाला, तर तो न्यासापहार होय. कपट मनात असते तेव्हा त्या दोषापासून सावध राहणे सोपे असते. आपलीच नोंद नष्ट झाल्यामुळे तो घडणार असेल, तर सावध कोणी व्हायचे? पेढीच्या हिशोबात केवळ पेढीचा पैसा नसतो, दुसऱ्यांचा विश्वासही असतो. म्हणून प्रत सांभाळणे हा व्यापाऱ्याच्या सोयीचा प्रश्न उरत नाही, तो व्रताचा भाग होतो.

जैन समाजाला हे नवे नाही. श्रुताची स्मृती क्षीण होत चालली असे पाहून आचार्य धरसेनांनी गिरनारच्या चंद्रगुहेत पुष्पदंत आणि भूतबली या मुनींना ज्ञान दिले आणि ते षट्खंडागमाच्या रूपाने लिहिले गेले. ज्येष्ठ शुद्ध पंचमीची श्रुतपंचमी ही त्याच कार्याची आठवण. पुढे धवला, जयधवला आणि महाधवला यांच्या जुन्या कानडी लिपीतील ताडपत्री प्रती मूडबिद्रीत शतकानुशतके जपल्या गेल्या. त्यांची पूजा होई, दर्शन होई, वाचन मात्र क्वचितच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्यांच्या नकला होऊ लागल्या, त्यांवरून आणखी नकला झाल्या. १९३९ साली प्रा. हिरालाल जैन यांनी अमरावतीहून धवलेसह षट्खंडागमाचा पहिला खंड प्रकाशित केला, तेव्हा हाती होत्या त्या अशाच नकला. संपादकांनी नकला परस्परांशी ताडून पाहिल्या आणि पुढे मूळ ताडपत्रांशीही पाठ मिळवून पाहिले. नकलाकाराच्या हातून गळलेली ओळ दुसऱ्या नकलेत वा मुळातच सापडते. प्रती अनेक हव्यात, वेगवेगळ्या हातांच्या हव्यात आणि त्या ताडून पाहणारा डोळाही हवा.

या कुटुंबाने आता काही नियम घालून घेतले आहेत. हिशोबाच्या तीन प्रती, दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर, अण्णांच्या विश्रामबागेतील बहिणीकडे. ती प्रत एरवी कोणत्याही संगणकाला जोडलेली नसते. प्रत्येक प्रत तयार झाल्यावर तिचा ठसा लिहून ठेवायचा. महिन्यातून एकदा एक प्रत लॅपटॉपवर, म्हणजे ती तयार करणाऱ्याहून वेगळ्या यंत्रावर, खरोखर उघडून पाहायची. जुनी प्रत पुसण्यापूर्वी नवी तपासायची. संगणकात नवा भाग बसविला की त्याची आधी रात्रभर परीक्षा. आणि आप्पांचा रोजमेळ चालूच राहायचा. आता तो नातूही लिहायला शिकतो आहे.

मुनिराज पिच्छीने प्रमार्जन केल्यावाचून शास्त्र उचलत नाहीत आणि ठेवतही नाहीत. आदान-निक्षेपण समिती ती हीच. उचलताना पाहावे, ठेवताना पाहावे.

त्या वर्षीच्या श्रुतपंचमीला मंदिरातील जिनवाणीची पूजा आटोपून सारे घरी परतले. कपाटातील ग्रंथ बाहेर काढून पुसले गेले, त्यांची वेष्टने बदलली गेली. मग नातसुनेने लॅपटॉप उघडला आणि बहिणीकडून आणलेली प्रत परत घेतली. आप्पा चष्मा लावून लाल वही घेऊन बसले. एकेका महिन्याची बेरीज ते मोठ्याने वाचीत आणि ती पडद्यावर पाहून म्हणे, ‘जुळतं आहे, आप्पा.’ फाल्गुनाच्या बेरजेत साठ रुपयांचा फरक आला. आप्पांनी पान निरखून पाहिले आणि हसले. चूक वहीत होती. त्यांनी ती खोडली नाही. बाजूला दुरुस्तीची नोंद केली, खाली तारीख घातली आणि पुढची बेरीज वाचायला घेतली.