नरतुरंगातले दोन ठिपके

सावेडीतल्या आमच्या गच्चीवरून एप्रिलच्या रात्री दक्षिणेकडे पाहिलं, तर क्षितिजावर शहराच्या दिव्यांचा पांढुरका पट्टा दिसतो. त्याच पट्ट्यामागे नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी असतो. तो टिपायचा, तर अमावास्या गाठून संगमनेर, अकोले, राजूर करत भंडारदऱ्याच्या अंधारात जावं लागतं. दीडशे किलोमीटरच्या आसपासचा हा रस्ता मला कधी लांब वाटला नाही.

ओमेगा सेंटॉरीवर माझा विशेष जीव आहे. सुमारे 17 हजार प्रकाशवर्षांवरचा हा गोलाकार तारकागुच्छ, त्यात एक कोटीच्या घरात तारे आणि आकाशातला त्याचा विस्तार जवळजवळ पौर्णिमेच्या चंद्राएवढा. लंडनहून तो कधीच दिसत नाही. एडमंड हॅलीने 1677 मध्ये त्याची नोंद केली ती दक्षिणेच्या सेंट हेलेना बेटावरून. आपल्या अकोले तालुक्यात मात्र तो 23 अंशांपर्यंत वर येतो आणि एप्रिलच्या मध्याला मध्यरात्रीच्या सुमारास बरोबर दक्षिणेला असतो. त्याच्या वरच्या अंगाला, साडेचार अंशांवर, सेंटॉरस ए ही दीर्घिका आहे. तिचं अंतर एक कोटी प्रकाशवर्षांहून अधिक. 135 मिलिमीटरच्या लेन्समध्ये दोन्ही एकाच चौकटीत बसतात. एक आपल्या आकाशगंगेतला, दुसरी तिच्या कितीतरी पलीकडची. या छंदात मला याहून मोठं सुख माहीत नाही.

पृथ्वी फिरते म्हणून आकाश तासाला 15 अंश सरकतं. कॅमेरा नुसता ट्रायपॉडवर ठेवला तर काही सेकंदांतच ताऱ्यांच्या रेघा होतात. म्हणून कॅमेऱ्याखाली ट्रॅकर लागतो आणि त्याचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे, म्हणजे जवळजवळ ध्रुवताऱ्याकडे, रोखावा लागतो. आपल्याकडे ध्रुव जेमतेम साडेएकोणीस अंशांवर. उत्तरेला एखादं आंब्याचं झाड आडवं आलं की जागा बदलायची. दक्षिण मोकळी हवी, उत्तरही मोकळी हवी, शिवाय जमीन घट्ट हवी. अशी जागा मला भंडारदरा धरणाच्या पाणलोटातल्या एका वाडीत, एका मामांच्या खळ्यावर मिळाली.

मग मिनिट-दीड मिनिटाची एकेक फ्रेम, रात्रभर. एका फ्रेममध्ये प्रकाशापेक्षा खरखरच जास्त असते. शंभर फ्रेम एकावर एक बसवल्या की ही खरखर दहापट कमी होते आणि दीर्घिकेचा फिकट प्रकाश वर येतो. लेन्सवर झाकण ठेवून काढलेल्या काळ्या फ्रेमही लागतात. सेन्सरचे स्वतःचे डाग त्यांनी वजा होतात. हे सगळं जुळवणारं सीरिल हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं, त्यामुळे नव्या माणसाने खर्च करायचाच तर आधी ट्रॅकरवर करावा.

उन्हाळ्यात इथे भातरोपांसाठी राब भाजतात. धूर खाली बसतो आणि 23 अंशांवरचा तारा त्या थरातून पाहावा लागतो. पण शेतीचं ते वेळापत्रक माझ्या कॅमेऱ्याच्या कितीतरी आधीचं आहे. एखादा वळीव पडून गेला की हवा धुतली जाते. त्या रात्री सोडायच्या नाहीत. जूनपासून तर आकाश बंदच.

पहिल्याच भेटीत अंगणातला दिवा मामांनी आपणहून मालवला होता. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दीर्घिका मोठी करून दाखवली, तेव्हा तिच्या मधून गेलेल्या काळ्या पट्ट्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "भाऊ, हे काय?"

"धूळ आहे, मामा. तिथली."

"म्हणजे तिथंही धूळच!" ते बराच वेळ पाहत राहिले. मग घरातल्या पोरांना उठवून आणलं.

हा अंधार आता पातळ होतो आहे. पश्चिमेला कल्याणच्या बाजूचा उजेड, उत्तरेला नाशिकचा. ते आपल्या हातात नाहीत. धरणाकाठचे तंबू, त्यांवरच्या पांढऱ्या एलईडीच्या माळा आणि आभाळात फिरणारे झोत मात्र आहेत. जुन्या सोडियम दिव्यांचा पिवळा उजेड फिल्टरने बराच गाळता येई; पांढऱ्या एलईडीचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला असतो, तो गाळता येत नाही. काजवे पाहायला इथे हजारो लोक येतात. त्या काजव्यांनाही हाच अंधार लागतो.

आपल्याच राज्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या गावांतले दिवे जमिनीकडे तोंड असलेले करून घेतले गेले. भंडारदऱ्याभोवतीचं कळसूबाई-हरिश्चंद्रगड हेही अभयारण्यच आहे. तिथेही हे व्हायला हवं. ग्रामपंचायतींनी दिव्यांना वरून झाकण बसवावं, तंबूवाल्यांनी रात्री दहानंतर माळा बंद कराव्यात आणि तिथे मुक्कामाला जाणाऱ्या तुम्ही ते आग्रहाने मागावं.