चार पाऊणे तीन

नागपुरात, कळमन्याच्या बाजारात मनगटाकडे बघायची गरज फारशी पडत नाही. संत्र्याच्या गाड्या आत आल्या की सकाळ, मिरचीच्या यार्डात खोकला सुरू झाला की लिलाव रंगात, हमालांनी डबे सोडले की दुपार. अलिबागला जायचं ठरलं, तेव्हा मात्र कोणतं घड्याळ न्यायचं यावर घरात दोन तट पडले.

पुतण्या म्हणाला, "काका, माझं स्मार्ट घड्याळ घेऊन जा ना जी, पावलंबी मोजते." पण त्याला रोज चार्जर दाखवावा लागतो. माझं मन वडिलांच्या एचएमटी 'जनता'वर होतं. जपानच्या सिटिझन कंपनीशी करार करून एचएमटीनं 1961 साली बंगळूरला घड्याळं बनवायला घेतली. त्या घराण्यातलं हे चावीचं घड्याळ. बर्डीवरच्या घड्याळवाल्यानं मागचं झाकण काढलं, डोळ्याला भिंग लावलं आणि केसासारखी बारीक, वेटोळी स्प्रिंग दाखवली. "भाऊ, याले समुद्र दाखवू नका. खारं पाणी आत गेलं का गंज धरला. अन् चुंबकाजवळ ठेवलं का ही वेटोळी एकमेकीले चिकटते, घड्याळ पुढं पळते."

मग त्यानं काचेखालचं एक सेलचं घड्याळ काढलं: रबरी पट्टा, ठसठशीत आकडे, तबकडीभोवती फिरती कडी, मागे '100 मीटर' असं कोरलेलं. शेजारच्या चामडी पट्ट्याच्या देखण्या घड्याळावर '30 मीटर' होतं. त्याचा अर्थ तीस मीटर बुडी मारा असा नव्हे. हात धुताना उडालेलं पाणी सोसेल, एवढाच. पोहायचं असेल तर शंभरवालं बरं. घेतलं.

विदर्भ एक्सप्रेसनं संध्याकाळी नागपूर सोडलं. सकाळी घाट उतरून गाडी मुंबईच्या वाटेला लागली, तेव्हा नव्या घड्याळानुसार बाहेर आणखी उजेड हवा होता. घड्याळ बरोबर होतं. देशाची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी पूर्व रेखांशाची. तिथून नागपूरचा सूर्य सुमारे 14 मिनिटं मागे आणि अलिबागचा जवळपास 38. म्हणजे तारीख तीच, घड्याळ तेच, पण ऊन कळमन्यापेक्षा कोकणात 24-25 मिनिटं उशिरा. मुंबईनं तर आपली 39 मिनिटं मागची 'बॉम्बे टाइम' 1955 पर्यंत सोडली नव्हती.

गेटवेहून लाँचनं मांडव्याला उतरलो, तिथून बसनं अलिबाग. गावात चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यानं नोंदी बिघडणार, म्हणून तिथल्या कुलाब्याचं हे काम 1904 मध्ये इथं हलवलं. बर्डीवरच्या त्या स्प्रिंगचा शत्रू इथं शंभराहून अधिक वर्षं मोजला जातोय.

दुसऱ्या दिवशी अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर जायचं होतं. शिवाजी महाराजांच्या काळातला, पुढं कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं झालेला हा जलदुर्ग. ओहोटीला तिथं चालत किंवा घोडागाडीनं जाता येतं. आदल्या संध्याकाळी किनाऱ्यावरच्या गाडीवाल्या काकांना वेळ विचारली. त्यांच्या मनगटावर काहीच नव्हतं. "उद्या संकष्टी ना? चार पाऊणे तीन. तीनला भरती, नऊच्या सुमाराला ओहोटी. साडेआठला या."

मी चाट पडलो. पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, मी आमच्या अडतीवरच्या म्हाताऱ्या दिवाणजींच्या तोंडी ऐकली होती, पोत्यांचा हिशेब करताना. इथं तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. भरती रोज पाऊण-एक तास पुढं सरकते, त्याचंच हे गणित.

सकाळी ओल्या वाळूतून गाडी निघाली. किल्ल्याच्या दाराशी काकांनी बजावलं, "साडेदहाच्या आत इथं या, पाणी थांबत नाही." मी कडी फिरवून खूण साडेदहावर आणली. तटावर फिरलो, गणपतीचं दर्शन घेतलं, चारी बाजूंना खारं पाणी असताना गोडं राहिलेलं तळं पाहिलं आणि दर थोड्या वेळानं मनगटाकडे बघत राहिलो.

परतताना चाकं निम्मी पाण्यात होती आणि माझा हातही भिजला. कुणी सहलीचं घड्याळ विचारलं तर आता सांगतो: रंग, पट्टा मागाहून बघा. जिथं जायचं, तिथं वेळ कोणाच्या हातात आहे, ते आधी विचारा. कळमन्यात ती लिलाववाल्याच्या हातात असते. उशीर झाला तर भाव पडतो. कुलाबा किल्ल्यावर ती भरतीच्या हातात असते. उशीर झाला तर होडी शोधावी लागते.