अब्बांची मूळव्याध

संडासवाटे रक्त जाते हे अब्बांनी आठ महिने कोणालाच सांगितले नाही. शेवटी कपडे धुताना अम्मीच्या लक्षात आले. आम्हा भावंडांच्या तोंडी एकच शब्द आला, मूळव्याध. कोणीतरी एका वैदूचे नाव सुचवले. त्याने नाडी पाहिली, पुड्या दिल्या. महिनाभर रक्त थांबले आणि आम्ही निश्चिंत झालो. असे रक्त मधूनमधून आपोआपही थांबते, हे तेव्हा कुठे ठाऊक होते!

थोरल्या भावाची मुलगी अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात शिकते. 1974 पासून आपल्या बीड जिल्ह्यात हे सरकारी कॉलेज आहे, तरी आम्ही आधी वैदूकडे गेलो. ईदला ती घरी आली आणि दादांचा ढगळ झालेला सदरा पाहून विचारू लागली, वारंवार जावे लागते का, जाऊन आल्यावरही पोट साफ झाले नाही असे वाटते का? आम्ही तिला दटावले. मुलीच्या जातीने आजोबांना असले विचारावे?

"चाचा, आम्हाला सर्जरीत हेच शिकवतात," ती म्हणाली. "बोटाने तपासल्याशिवाय मूळव्याध म्हणायचं नाही."

ती तपासणी दोन मिनिटांची. डॉक्टरांच्या बोटाला टणक गाठ लागली. मग दुर्बीण झाली, तुकडा तपासला. कॅन्सर.

गाठ वर असती तर तेवढे आतडे कापून दोन टोके जोडता आली असती. पण ती अगदी खाली, गुदद्वाराच्या स्नायूला भिडलेली होती. तो स्नायूच काढला की खाली जोडायला काही उरत नाही. मग मोठ्या आतड्याचे टोक पोटाच्या डाव्या बाजूला बाहेर आणतात आणि त्यावर पिशवी लावतात. अर्नेस्ट माइल्स या इंग्रज सर्जनने 1908 मध्ये मांडलेली ही शस्त्रक्रिया आजही होते. आता त्याआधी बहुतेकदा रेडिएशन आणि केमोही देतात.

अब्बा रेडिएशनला तयार झाले, पिशवीला नाही. "अंगावर नजासत बांधून अल्लाहसमोर कसा उभा राहू? त्यापेक्षा असाच जातो." आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हते. डॉक्टरांकडेही नव्हते, आणि ते त्यांचे कामही नव्हे.

धाकटा त्यांना मुफ्तीसाहेबांकडे घेऊन गेला. त्यांनी सांगितले, ज्याचा वुजू आजारामुळे टिकत नाही तो माजूर. त्याने पिशवी रिकामी करावी, प्रत्येक नमाजेच्या वेळेला नवा वुजू करावा आणि पढावे. इतरांची इमामत तेवढी करू नये. मशिदीत घाण किंवा दुर्गंधी होण्याची भीती नसेल तर जमातीतही यावे. अब्बा घरी येऊन म्हणाले, "तारीख घ्या."

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरची शस्त्रक्रिया बसते. रेशनकार्ड, आधार आधीच बरोबर ठेवावे. आम्ही त्यासाठी दोन खेटे घातले.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी पिशवीचे काम पाहणाऱ्या सिस्टर पेन घेऊन आल्या. अब्बांना त्यांनी बसवले, उभे केले, वाकवले. आमच्या पुतणीने विचारले, "रुकू आणि सजद्यातही बघता का?" पोटाला वळी पडते तिथे पिशवी नीट चिकटत नाही, गळते. अब्बांनी कॉटशेजारी चादरीवर सजदा केला. पहिली खूण वळीत गेली, ती पुसून थोडी वर केली. पायजम्याच्या नाड्याचीही जागा सोडली. अब्बा जन्मभर शिंपीकाम केलेले. म्हणाले, "माप बराबर घेतलं बाईंनी."

घरी आल्यावर काही आठवडे त्यांनी खुर्चीवर बसून पढले. मग एका जुम्याला मशिदीत गेले, दाराजवळच्या कोपऱ्यात उभे राहिले. पिशवीत कधी हवा धरते, आवाज होतो. त्या दिवशीही झाला. शेजारच्याने सलाम फेरल्यावर मुसाफा केला, तब्येत विचारली.

आता दुकानात थोडा वेळ बसतात. परवा मोहल्ल्यातले एक गृहस्थ कापड घेऊन आले, घुटमळले, हळूच म्हणाले, "मियाँ, मलाही मूळव्याधीचा त्रास आहे." अब्बांनी कात्री खाली ठेवली.

"कोण म्हणालं मूळव्याध? बोटाने तपासलं का कोणी?"