काडीकिड्यांची जिवाणी

लेकीकडे लेस्टरला पोचले, तर माझ्यासाठी रिकाम्या केलेल्या खोलीत आधीच पाच जण उतरलेले होते. खिडकीशी एक उंच जाळीचा पिंजरा, आत बाटलीत खोचलेल्या काटेरी फांद्या, बाकी काही नाही. "यात काय आहे रे?" म्हणून विचारलं तर नातू म्हणाला, "बघ की आजी, नीट बघ." बघितलं. चांगली पाच मिनिटं बघितलं. मग त्यातली एक काडी हळूच डुलली आणि मी दोन पावलं मागे सरकले.

त्याच्या वर्गातले काडीकिडे होते ते. उन्हाळ्यात तिथल्या शाळा सहा आठवडे बंद असतात. तेवढे दिवस वर्गातले प्राणी कुणाच्या तरी घरी ठेवावे लागतात. चिठ्ठ्या टाकल्या, याची निघाली. सोबत शाळेनं एक छापील कागद दिला होता, काय घालायचं, काय करायचं नाही, सगळं लिहिलेला. लेक-जावई दोघंही नोकरीला जाणारे. म्हणजे सांभाळायचं कुणी? आजीनं.

"आजी, हे इंडियन आहेत. तुझ्यासारखे," नातू मला पटवत होता. त्यांचं नावच तसं आहे, इंडियन स्टिक इन्सेक्ट. इंग्लंडातल्या शाळांमधून हेच जास्त करून पाळतात आणि त्यांचं मूळ खरोखर आपल्याकडे, तमिळनाडूत, पळणीच्या डोंगरातल्या शेंबगनूरला. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी कुणी तरी तिथून युरोपात नेले, प्रयोगशाळांतून वाढवले, तिथून ते शाळांत आले. शेंबगनूर म्हणजे कोडाईकनालच्या अगदी शेजारी. आम्ही एकदा बेळगावहून कोडाईची सहल केली होती. तळं बघितलं, घरी करतात ती चॉकलेटं आणली, स्वेटर आणले. झाडावर असं काही डुलतंय हे काही दिसलं नाही. दिसू नये म्हणूनच तर त्यांचा सगळा अवतार.

आता आमच्या घरात प्राणी पाळायची रीत नाही. लहानपणी पाठशाळेत अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार पाठ केलेले. त्यातला पहिलाच बंध, म्हणजे जिवाला बांधून, कोंडून ठेवणं. शेवटचा अन्नपाननिरोध, खाण्यापिण्याला अडवणं. मधे मारणं, अवयव तोडणं आणि जास्त ओझं घालणं. पिंजऱ्याकडे बघून पहिला अतिचार आठवला. पण मी लक्ष दिलं नाही तर पाचवा घडणार. म्हटलं, बंध काही मी केलेला नाही, निदान उपाशी तरी ठेवायला नको.

सांभाळायला फार काही लागत नाही, हे मात्र खरं. खायला ब्रॅम्बलची पानं. ब्रॅम्बल म्हणजे ते काळ्या बेरीचं काटेरी झुडूप, तिथं कुठल्याही कुंपणाला माजलेलं असतं. नाही तर प्रिव्हेट, आयव्ही. रस्त्याकडेची पानं घ्यायची नाहीत, औषध मारलेलं असतं. मी आणि नातू रोज सकाळी कात्री घेऊन बागेमागच्या वाटेनं जायचो. पानं धुवायची, फांद्या पाण्याच्या बाटलीत खोचायच्या आणि बाटलीच्या तोंडाशी कापूस दाबून बसवायचा. नाही तर हे वेडे पाण्यात उतरतात आणि बुडतात. संध्याकाळी पानांवर पाणी शिंपडायचं, ते थेंब पितात. तिथं त्या दिवसांत सूर्य मावळायला रात्रीचे नऊ वाजतात. त्यामुळे माझं सूर्यास्ताआधीचं जेवण कधी नव्हे इतकं निवांत व्हायचं. आणि माझं संपलं की यांचं सुरू. रात्रीचे खाणारे की हे! "तुझी खोली आणि रात्रिभोजन, आजी," असं म्हणून नातू हसायचा. त्याला त्याच्या आईनं एवढं तरी शिकवलंय.

पाचांतले तीन पूर्ण वाढलेले, चांगले चार बोटं लांब, हिरवट-मातकट, पुढच्या पायांच्या आतल्या बाजूला लाल ठिपका. दोन लहान. हात लावला की मेल्याचं सोंग घेतात, पाय अंगाशी सरळ धरून नुसती काडी होतात. एकदा नातवानं लहानातल्या एकाला फांदीवरून ओढलं. फांदी सुटली नाही, पाय मात्र त्याच्या बोटात राहिला. पोरगं एवढं रडलं की जेवलं नाही. छेद, माझ्या मनात आलंच. पण कागदावर लिहिलं होतं की लहान किडा कात टाकतो तेव्हा नवा पाय फुटतो. दहा-बारा दिवसांनी सकाळी बघते तर तो फांदीला उलटा टांगलेला, जुनी कात मोज्यासारखी वर राहिलेली आणि हा तिच्यातून खाली ओघळतोय. नंतर त्यानं ती कात खाऊनसुद्धा टाकली. पायाच्या जागी एक आखूड, वाकडा, कोवळा पाय आला होता. नातवाला उठवून दाखवला. तो काही बोलला नाही. त्यानंतर मात्र तो किड्यासमोर तळहात धरायचा आणि आपण होऊन चढेपर्यंत थांबायचा.

"याला इंद्रियं किती आजी?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, मुंगीला तीन, भुंग्याला चार. याला डोळे आहेत, कान नाहीत, म्हणजे चार. हे त्याला फार आवडलं.

खरा पेच अंड्यांचा होता.

त्या तिघी (हो, तिघीच, या जातीत नर क्वचितच आढळतो) नराशिवायच अंडी घालतात आणि त्यातून पुन्हा माद्याच निघतात. आपल्या तत्त्वार्थसूत्रात चार इंद्रियांपर्यंतचे सगळे जीव संमूर्च्छन जन्माचे, नपुंसक वेदाचे सांगितले आहेत. शाळेचा कागद म्हणतो सगळ्या माद्या. या दोहोंचा मेळ घालायचा माझा अधिकार नाही. पण बापाची गरज नाही यावर दोघांचंही एकमत बघून मला गंमत वाटली.

अंडी घालतात म्हणजे काय, नुसती खाली टाकतात. दिवसाला दोन-तीन, कधी जास्त. मोहरीपेक्षा थोडं मोठं, तपकिरी, टोकाला पिवळट बोंड. खाली विष्ठाही तेवढीच. मी रोज ते ताटात घेऊन निवडायची, तांदूळ निवडतो तसं. ताट जरा कललं की अंडी घरंगळतात, घाण जागेवर राहते. निवडलेली अंडी जॅमच्या रिकाम्या बाटलीत. ऑगस्टच्या शेवटी आम्ही दोघांनी मोजली, 342.

कागदाच्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: जास्तीची अंडी दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवावीत, मग कचऱ्यात टाकावीत.

नातवानं ते वाचून दाखवलं आणि माझ्याकडे बघितलं. तुम्ही म्हणाल, अंडीच ती, एवढं काय. आम्ही धान्यातला किडासुद्धा चिमटीत धरून परसात नेऊन सोडणारी माणसं. घर सारवताना, चूल पेटवताना जी घडते ती आरंभी हिंसा, तिच्यातून गृहस्थाची सुटका नाही. पण मोजून, बाटलीत भरून, ठरवून फ्रीझरमध्ये ठेवायची म्हणजे संकल्पी. श्रावकाला तीच तर वर्ज्य.

"मग बागेत सोडू या की," तो म्हणाला. तेही जमत नाही. परदेशी प्राणी मोकळा सोडणं हा तिथं 1981च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. त्यावर त्याचं उत्तर तयार, वर्गात ऐकलेलं: कॉर्नवॉलला आणि सिली बेटांवर न्यूझीलंडचे काडीकिडे झाडांबरोबर आले आणि जगले की! जगले खरे. पण ते नकळत आले. आपण जाणूनबुजून सोडायचे आणि त्यांनी दुसऱ्या कुणाचं खाणं, जागा घ्यायची? किंवा इथल्या थंडीत मरायचं? आणि सगळी ठेवली तर? कागदावर हिशेब मांडला. प्रत्येकीनं तीनशे घातली तरी पुढच्या खेपेला लाखावर. त्या एवढ्याशा घरात लाख जीव उपाशी ठेवले की पुन्हा अन्नपाननिरोध.

मला सासूबाईंची विहीर आठवली. आमच्या जुन्या घरात आड होता. पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं आणि फडक्यात राहिलेले जीव, म्हणजे जिवाणी, पुन्हा त्याच आडात सोडायची. वरून ओतायची नाही, पोहरा पाण्याला टेकेपर्यंत खाली सोडायचा. एकदा नळाला पाणी नव्हतं म्हणून शेजारच्या विहिरीचं आणलं. मी नवी सून, घाईत त्याची जिवाणी आमच्या आडात घातली. सासूबाई रागावल्या नाहीत, पण एवढंच म्हणाल्या, "ज्या विहिरीची, त्याच विहिरीत गं. दुसऱ्या पाण्यात त्यांचं काय होतं, तुला काय ठाऊक?"

यांची विहीर पळणीच्या डोंगरात. कुणी शंभर वर्षांपूर्वी पोहरा भरून आणला, आणि आता परत सोडायला दोरच नाही.

रविवारी तिथल्या जैन मंदिरात गेलो. जुन्या चर्चच्या इमारतीत केलेलं आहे, संगमरवरी. दिगंबर आणि श्वेतांबर दोन्ही मूर्ती एकाच छताखाली, ही गोष्ट आपल्याकडच्या वादांची सवय असलेल्या मला जरा नवलाची. तिथं बसून बराच विचार केला. वाटलं, बाटली शाळेलाच परत द्यावी, ते बघतील. पण मला ठाऊक होतं ते काय बघणार. कृत, कारित, अनुमोदित. दुसऱ्याच्या हातात दिली की कारित झालीच.

शेवटी वीस अंडी नातवानं वेगळी काढली, ओलसर वाळूवर डबीत ठेवली. वीस त्याला सांभाळता येतील, असं तो म्हणाला. बाकीची 322 बाटलीत तशीच माझ्या खिडकीत. मी काही ठरवलं नाही. खरं तर टाळत होते.

दोन दिवसांनी सकाळी मटार काढायला फ्रीझर उघडला. मटारच्या पिशवीमागे बाटली. मागे वळले तर लेक दारात, हातात गाडीची किल्ली. "आई, रात्री मीच ठेवली. तू नको हात लावूस. आणि त्यालाही सांगू नकोस."

तिच्या तोंडाकडे बघितलं. हीच पोरगी लहानपणी पावसाळ्यात गांडुळं उचलून कडेला ठेवत शाळेला उशिरा पोचायची. माझं आणि पोराचं पाप आपल्या अंगावर घेऊन आता ती कामाला निघाली होती. बाटली काढता आली असती मला. मटार काढले आणि फ्रीझरचं दार लावलं. त्या दिवशी मटारची उसळ केली. मला काही ती गेली नाही.

रात्री प्रतिक्रमणाला बसले तेव्हा त्यात हे धरलं. अनुमोदित म्हणून.

नातवाला मी सांगितलं नाही, पण कळलं असावं. कारण बाटली कुठे गेली, हे त्यानं एकदाही विचारलं नाही. सप्टेंबरात शाळा उघडली, पिंजरा परत गेला, मीही बेळगावला आले.

डिसेंबरात त्याचा व्हिडिओ कॉल. डबीतनं तेरा पिल्लं निघाली होती, दोऱ्याएवढी, पायांवर डुलणारी. कॅमेरा हलवत त्यानं एकेक दाखवलं. चार मित्रांना तो पिल्लं देणार होता. "पण आजी, त्यांना अंडी झाली की काय करायचं, ते तू सांग त्यांना."

मी म्हटलं, "ते बघू. आज पाणी शिंपडलंस का, ते आधी सांग."