फुंकणी

तंत्रज्ञाने आईच्या नाकाला चिमटा लावला, तोंडात पुठ्ठ्याची नळी दिली आणि ओरडायलाच लागला, "फुंका आजी, जोरात, अजून, अजून!" आईने नळी काढली, धाप आवरली. "जन्मभर फुंकतच आले की रे बाबा."

खोटं नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हापासून चाळीसेक वर्षं ती चुलीपुढे होती. बिनखिडकीचं स्वयंपाकघर, पावसाळ्यात ओल्या काटक्या नि गोवऱ्या. बिडीला कधी हात लावला नाही. गावाकडे आठ वर्षं 'दमा' म्हणून चाललं होतं. धाप वाढली की स्टेरॉइडच्या गोळ्या, तोंड सुजलं की बंद.

निरोगी छाती एका फुंकरीतली सत्तर टक्क्यांहून जास्त हवा पहिल्याच सेकंदात बाहेर टाकते. आईचा आकडा ५२. औषध ओढायला देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावलं, ५४.

"दमा असता तर चांगला उसळला असता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ही सीओपीडी."

"ती तर सिगारेटवाल्यांना होते ना?"

त्यांनी २००९ सालच्या 'लॅन्सेट'मधला लेख दाखवला, पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांचा. जगात तंबाखू ओढणारे १०१ कोटी, लाकूड-शेणाच्या धुरात राहणारे सुमारे ३०० कोटी.

मग सुजेबद्दल बोलल्या. दम्यात श्वासनळ्यांच्या सुजेत बहुधा इओसिनोफिल पेशी पुढे असतात, त्या स्टेरॉइडचं ऐकतात. सीओपीडीत बहुतेकदा न्यूट्रोफिल, त्या जुमानत नाहीत. गोळ्या थांबवून महिन्याभराने साधी रक्ततपासणी केली: इओसिनोफिल ९०. तीनशेच्या वर असते तर गोष्ट वेगळी. शंभराच्या आत स्टेरॉइडच्या पंपाचा फायदा नावापुरता, न्यूमोनियाचा धोका मात्र वाढतो. आठ वर्षांचा राग कोणावर काढणार? दुकानातून त्या गोळ्या मीच आणायचो.

आता दिवसातून एकदा टिओट्रोपियमचा पंप, नळ्या मोकळ्या ठेवणारा. गेलेली छाती त्याने परत येत नाही, पण आई देवळाच्या पायऱ्या मध्ये एकदाच थांबून चढते. पंप ओढायचा असतो, फुंकायचा नाही, हे तिला शिकवण्यात मात्र आठवडा गेला. तोंडाला नळी लागली की ती फुंकायचीच.

घरात गॅस आलाय. आंघोळीचं पाणी अजून चुलीवरच तापतं. आई लांब ओसरीवर बसते आणि तिथून वहिनीला ओरडते, "फुंकू नको गं, काटक्या सारख्या कर!"