सिस्टरांचा प्रश्न

देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेत शिकत होते तेव्हा माझं सगळं जग टक्केवारीचं होतं. गर्भनिरोधक वापरणाऱ्या बायका इतक्या, न वापरणाऱ्या इतक्या. न वापरणाऱ्या त्या अडाणी, हे गृहीतच. पश्चिम आफ्रिकेवर टिपण लिहिलं ते याच गुर्मीत. वसतिगृहात घानाच्या एक बाई होत्या, आमच्याहून बऱ्याच मोठ्या, पूर्वी नावरोंगो भागात नर्स होत्या. आम्ही त्यांना सिस्टर म्हणायचो. टिपण त्यांना दाखवलं. वाचून एवढंच म्हणाल्या, "हिला मुलं किती झाली, किती गेली, ते कुठं लिहिलंयस?"

माझं खरं शिक्षण तिथून सुरू झालं.

सिस्टरांच्या त्या नावरोंगोत १९९४ पासून एक प्रयोग चालला होता. नर्सनं दवाखान्यात वाट बघत बसायचं नाही, गावातच राहायला जायचं. १९९९ मध्ये घानानं तेच देशाचं धोरण केलं. नर्स गावात येण्याआधी ढोल वाजवून गावसभा, मुखियाचा होकार, मग घरातल्या कर्त्या पुरुषाची परवानगी. एवढं होऊनही बायका चोरूनच येत. गोळ्यांचं पाकीट घरात सापडतं. तीन महिन्यांच्या इंजेक्शनचा मागमूस राहत नाही. दंड पुढे करायचा आणि कार्ड सिस्टरांकडेच ठेवून जायचं.

यातल्या बहुतेक लेकुरवाळ्या. त्यांना पाळणा थांबवायचा नव्हता, लांबवायचा होता. तान्हं अंगावर पीत असेतो नवऱ्यापासून दूर राहायचं, हा जुना रिवाज. तो सैल पडला, तिथं इंजेक्शन आलं. पुढे सिस्टरांनीच कॅरोलिन ब्लेडसो यांचं गांबियावरचं २००२ सालचं पुस्तक वाचायला दिलं. पोट पडलेल्या, मेलेलं मूल जन्माला आलेल्या बायका तिथं इंजेक्शन घेत, ते झिजलेलं शरीर भरून यावं आणि पुढचं मूल जगावं म्हणून. माझ्या तक्त्यात मात्र त्या 'संतती नको असलेल्या' रकान्यात जाऊन बसल्या असत्या.

घानातल्या तरुण मुलींचं गणित उलटं. कुणी शाळेत, कुणी शिवणकाम किंवा केशरचना शिकायला राहिलेली. इंजेक्शन घेतलं तर पुढे मूलच होणार नाही, ही धास्ती. म्हणून कंडोम, दिवस मोजणं, नंतर घ्यायची गोळी. आणि पाळी चुकली की औषधाचं दुकान. तिथं अल्सरवरचं मिसोप्रोस्टॉल मिळतं. तेही नाही जमलं तर झाडपाल्याचा काढा, साखरेचं दाट पाणी. घानाचा कायदा १९८५ मध्येच सैल झाला: बलात्कार, गर्भातलं व्यंग, बाईच्या शारीरिक किंवा मानसिक आरोग्याला धोका, अशा कारणांसाठी मान्यताप्राप्त रुग्णालयात गर्भपात करता येतो. पण कितीतरी मुलींना हे ठाऊकच नसतं. सुईला घाबरणारी पोर काढ्याला घाबरत नाही, हे सांगताना सिस्टर चिडायच्या. मुलींवर नाही, त्यांना वेळेवर काही न सांगणाऱ्या आम्हा शिकलेल्यांवर. 'आम्हा'मध्ये त्या स्वतःलाही धरायच्या.

पुढे सर्वेक्षणांची कामं केली, ती आपल्याकडचीच. प्रत्येक प्रश्नावलीत 'साधन वापरता का?' याच्या आधी 'मागच्या बाळंतपणात काय झालं?' हा प्रश्न घालत आले. वेळ वाचवायला वरिष्ठ तो खोडतात, मी पुन्हा घालते. कुणी कौतुक केलं तर सांगते की प्रश्न सिस्टरांचा आहे. तरी अहवालावर नाव माझंच छापलं जातं.