टॉम विल्सची गोष्ट

क्षमेचा विषय निघाला म्हणजे टॉम विल्सची गोष्ट विद्यार्थ्यांस सांगावयाची, असा माझा कित्येक वर्षांचा परिपाठ होता. ऑस्ट्रेलियातील हा खेळाडू १८३५ साली जन्मला. मूलनिवासी मुलांच्या संगतीत तो वाढला. त्यांची भाषा बोले. इंग्लंडात रग्बीच्या शाळेत शिकून तो परतला, आणि हिवाळ्यात क्रिकेटपटूंनी आळसावून बसू नये म्हणून १८५८ साली वर्तमानपत्रात पत्र लिहून त्याने फुटबॉलचा क्लब काढण्याची सूचना केली. १८५९ च्या मे महिन्यात मेलबर्न येथे त्याने व सोबत्यांनी जे नियम लिहिले, त्यांतूनच ऑस्ट्रेलियन फुटबॉल उभा राहिला.

माझी गोष्ट मात्र त्यापुढची. १८६१ साली क्वीन्सलँडमध्ये मूलनिवाशांनी त्याच्या पित्यासह १९ जणांस ठार केले. टॉम सामान आणावयास गेला होता, म्हणून वाचला. गोऱ्यांनी सूड घेतला, त्यात त्याहून कितीतरी अधिक माणसे मेली. आणि १८६६ साली हाच टॉम मूलनिवासी क्रिकेटपटूंचा शिक्षक व कर्णधार होऊन मेलबर्नच्या मैदानात उतरला! येथे मी थांबे. वर्ग स्तब्ध होई. १८८० साली दारूने पोखरलेल्या टॉमने आत्महत्या केली, हे मी सहसा गाळीत असे.

२०२१ साली एका अमेरिकन वृत्तपत्रातील १८९५ चा मजकूर उजेडात आला. सूडाच्या त्या कत्तलीत टॉमही होता, असे त्यात म्हटले आहे. त्याच्या खरेपणाविषयी वाद आहे. तो खोटा ठरावा असे मला मनापासून वाटते. पण ते टॉमसाठी की माझ्या व्याख्यानासाठी, हे सांगवत नाही. परवा वर्गात त्याचे नाव ओठांवर आले, आणि मी पान उलटले.